रेघ मारून माळ राखता येत नाही

वन्यजीव वाचवायचे तर त्यांच्यासाठी जमीन राखून ठेवा, हे आता बहुतेकांना पटलेले मत आहे. डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत जगातल्या देशांनी 2030 पर्यंत 30 टक्के जमीन आणि तितकाच समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. आपल्याकडची राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि इतर संरक्षित क्षेत्रे मिळून देशाच्या भूभागाच्या पाच टक्क्यांच्या आसपास भरतात. मग पाचाचे तीस कसे करायचे, एवढ्यावरच सगळी चर्चा येऊन थांबते. हे मत मला चुकीचे वाटत नाही, उथळ वाटते. राखीव जमिनीचे क्षेत्रफळ हे संरक्षणाचे माप होऊ शकत नाही. कोणती जमीन राखली, तिथले जीव माणसाच्या ज्या वापराबरोबर जगत आले तो वापर चालू राहिला का, आणि राखण्याचा खर्च कोणी सोसला, या तीन प्रश्नांची उत्तरे चुकली तर कितीही मोठे अभयारण्य कागदावरच राहते. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. देशातल्या सर्वांत विस्तीर्ण अभयारण्यांपैकी एक आपण माळढोक पक्ष्यासाठी जाहीर केले, आणि आज त्या अभयारण्यात माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

साडेआठ हजार चौरस किलोमीटर

1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतला सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचा प्रदेश माळढोक अभयारण्य म्हणून पुढे आला. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा आणि बफर मिळून क्षेत्र 1,727 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे हे अभयारण्य त्याच्या जवळजवळ पाचपट. पण ताडोबात जमीन सरकारी जंगलाची होती. इथे मात्र रेघेच्या आत गावे, बाजारपेठा, रस्ते आणि हजारो शेतकऱ्यांचे सातबारे होते. वनखात्याच्या ताब्यातली जमीन तुकड्यातुकड्यांची, बाकी सगळी खासगी. नान्नजसारख्या ठिकाणचे गवताळ तुकडे सोडले तर पक्ष्याचे खाणेपिणे आणि वावर शेतकऱ्याच्या शिवारातच होता.

त्यात आक्षेपार्ह काहीच नव्हते, कारण माळढोक मुळात शिवारातला पक्षी आहे. तो मोकळ्या गवतात, उघड्या मुरमाड जमिनीवर अंडे घालतो, बहुधा एकच. नाकतोडे, भुंगेरे, सरडे वेचतो. ज्वारी-करडई-भुईमुगाच्या रानात उतरतो. कोरडवाहू शेती, पडीत राखलेले तुकडे आणि मधला चराऊ माळ ही सरमिसळच त्याचे घर होती. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कालवे, उपसा सिंचन आणि विंधनविहिरींनी ही सरमिसळ मोडली. ज्वारीच्या जागी ऊस आला, माळ फोडून द्राक्ष-डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, आणि सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक झाला. शेतकऱ्याने पाणी मिळाल्यावर ऊस लावला यात त्याचा दोष शोधणे अन्यायाचे आहे. दुष्काळी तालुक्यात पाणी आणणे हे सरकारचे कर्तव्यच होते. प्रश्न असा की ज्या सरकारने तिथे पक्ष्यासाठी रेघ मारली, त्याच सरकारच्या पाटबंधारे, सहकार आणि महसूल खात्यांना त्या रेघेचा पत्ता नव्हता.

मग त्या रेघेने नेमके अडवले काय? जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवानगी, लहानसहान बांधकाम. गावकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी एकरभर जमीन विकायची तर अभयारण्य आडवे येई, पण तीच जमीन नांगरून बारमाही उसाखाली आणायला कोणाची आडकाठी नव्हती. म्हणजे पक्ष्याला ज्याचा उपद्रव नव्हता ते अडले आणि त्याच्या मुळावर आलेले सुरळीत चालू राहिले. लोकांचा राग साठत गेला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि क्षेत्र कापून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर वाचवायला फारसे पक्षी उरले नव्हते.

हे एकट्या महाराष्ट्राचे अपयश नाही. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या करेरा इथे 1981 मध्ये माळढोकासाठीच सुमारे 200 चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. तिथेही जमीन खासगी होती, तिथेही विक्रीवर बंधने आली, गावकरी पक्ष्याला शत्रू मानू लागले आणि नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात माळढोक तिथून नाहीसा झाला. 1969 च्या सुमारास देशात 1,260 माळढोक असावेत असा अंदाज होता. आता दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. या घसरणीच्या मोठ्या काळात माळढोकासाठीची अभयारण्ये अस्तित्वात होती.

1. आपण कोणती जमीन राखतो?

ल्युकस जोपा आणि अलेक्झांडर फाफ या संशोधकांनी 2009 मध्ये 147 देशांच्या संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की जगभर राखीव जमिनी उंचावर, चढाच्या, शहरांपासून आणि रस्त्यांपासून दूर, शेतीला निरुपयोगी अशा ठिकाणी एकवटलेल्या आहेत. ज्या जमिनीला कोणी हात लावणार नव्हते तिलाच आपण संरक्षणाची पाटी लावतो आणि टक्केवारीत मोजतो. महाराष्ट्राचा नकाशा यापेक्षा वेगळा नाही. सातपुड्याचे डोंगर, सह्याद्रीचा माथा, पूर्व विदर्भाची जंगले इथे मोठी राखीव क्षेत्रे आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण राज्याच्या मध्यावर पसरलेल्या पर्जन्यछायेच्या पठाराला काय मिळाले? कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळवीट अभयारण्य 2.17 चौरस किलोमीटरचे आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 5.14 चौरस किलोमीटरचे. माळाच्या वाट्याला एक तर साडेआठ हजारांची पोकळ रेघ आली, नाही तर दोन-पाच चौरस किलोमीटरचा तुकडा.

तुकड्याचे गणित जीवशास्त्राला ठाऊक आहे. विल्यम न्यूमार्क यांनी 1987 मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या राष्ट्रीय उद्यानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उद्याने स्थापन झाल्यानंतरही त्यांतून सस्तन प्राण्यांच्या जाती नाहीशा होत गेल्याचे आढळले, आणि उद्यान जितके लहान तितकी गळती जास्त होती. ती उद्याने रेहेकुरीच्या कितीतरी पट मोठी आहेत. रेहेकुरीत मूठभर काळविटांचे कळप शेकड्यांत गेले हे यशच आहे, पण ते सगळे दोन चौरस किलोमीटरवर जगत नाहीत. ते भोवतालच्या शिवारावर जगतात. लांडग्याच्या एका कळपालाच शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख लागू शकतो. या प्राण्यांचे खरे अभयारण्य तुकड्याबाहेर आहे, आणि त्या बाहेरच्या जमिनीला सरकारी दफ्तरात किंमत नाही.

इथे प्रशासनाची जबाबदारी स्पष्ट मांडायला हवी. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ आणि झुडपी जमिनींचे मोठे पट्टे 'पडीक' या सदरात मोडतात. एकदा ही नोंद झाली की त्या जमिनीवर काहीही करणे म्हणजे सुधारणा ठरते. औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, वृक्षलागवड, कचरा डेपो, सगळ्यांना पहिली जागा तिथेच दाखवली जाते. जंगल तोडायचे तर वन संवर्धन कायद्याची परवानगी लागते, पर्यायी वनीकरणाचे पैसे भरावे लागतात. महसुली माळ मोडायला तसे काही लागत नाही. उलट जंगलाच्या बदल्यातले पर्यायी वनीकरण पुष्कळदा माळावरच येऊन पडते, म्हणजे एका अधिवासाच्या नाशाची भरपाई दुसऱ्याच्या नाशाने होते.

हा माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष, अशी समजूत या नोंदीच्या मुळाशी आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुने मराठी चरित्रग्रंथ, ओव्या आणि लोककथा यांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले, आणि पश्चिम महाराष्ट्रात विरळ काटेरी झाडांचा गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षांपासून असल्याचे दाखवून दिले. पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, बेसाल्टवरचा वीतभर मुरूम, वर्षातले आठ महिने कोरडे. अशा जागी कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचीच परिपूर्ण वनस्पतीसृष्टी आहे. तिला जंगल करून दाखवायची गरज नाही.

2. वापर थांबवला की माळ टिकतो का?

जमीन राखायची म्हणजे माणूस आणि गुरे बाहेर काढायची, हे जणू गृहीतच धरले जाते. 1872 च्या यलोस्टोनपासून हे चित्र जगभर गेले. दाट जंगलाच्या गाभ्यात त्याला आधारही आहे. पण गवताळ आणि पाणथळ जागांवर ते अनेकदा उलटले आहे.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात 1982 मध्ये चराई बंद झाली. म्हशी आत येऊ देणार नाही म्हटल्यावर गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. बंदीमागे पक्ष्यांचे हित होते आणि सलीम अलींसारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञाचा तिला पाठिंबा होता. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वर्षानुवर्षे तिथे अभ्यास केला, तेव्हा वेगळेच समोर आले. म्हशी गेल्यावर पाणथळीतले गवत इतके माजले की उघडे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांची जागा घटली. आंध्र प्रदेशातल्या रोल्लापाडू इथे माळढोकासाठी चराई रोखली, तेव्हा गवत उंच आणि दाट झाले, काळवीट वाढून आसपासच्या पिकांत शिरू लागले, शेतकरी अभयारण्याच्या विरोधात गेले आणि माळढोक कमी होत गेला. माळढोक, धाविक, माळटिटवी, चंडोल यांना आखूड आणि उंच गवताची मिश्र जमीन लागते. ती मिश्रता फिरत्या कळपांच्या दातांनी आणि खुरांनी तयार होते.

दख्खनच्या पठारावर हे काम धनगरांच्या मेंढरांनी केले. पावसाळ्यात माळावर, सुगीनंतर काळ्या रानात, कुठे कोकणाच्या वाटेवर, असा वाड्यांचा, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळांचा, वर्षाचा फेरा असे. एका जागी फार दिवस थांबणे नाही, म्हणून गवताला विसावा. शेतात मेंढरे बसवली की खत मिळे, त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. आणि या कळपांमागून लांडगा चाले. भारतात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले आहेत आणि त्यांचा मोठा हिस्सा संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर आहे. माळावर त्याचे भक्ष्य बऱ्याच अंशी शेळ्या-मेंढ्या. मेंढपाळाला बाहेर काढून लांडग्यासाठी जागा राखायची म्हटले तर लांडगा खाणार काय, याचे उत्तर कोणत्याही आराखड्यात नसते.

वापर थांबवण्याहून मोठे संकट म्हणजे माळाची 'सुधारणा'. सलग समतल चर खणायला जेसीबी उतरते. बहुवर्षायु गवतांची मुळे जिथे शतकानुशतके विणली गेली, तो वरचा थर उपसून बांधावर टाकला जातो. चरांच्या कडेने ग्लिरिसिडिया लागतो, कारण तो जगतो, गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत आणि जगलेल्या रोपांची टक्केवारी अहवालात चांगली दिसते. तीन-चार वर्षांत सावलीखाली कुसळी विरते. उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी जागा सोडतात, खोकडाला बिळासाठी मोकळी जमीन मिळत नाही. हे सगळे वनीकरणाच्या नावाखाली, पर्यावरण दिनाला पाहुण्यांच्या हस्ते होते. चांगल्या हेतूने झालेला हा नाश मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण त्याच्या विरोधात कोणी बोलत नाही.

3. खर्च कोणाच्या खिशातून?

वाघ, माळढोक, लांडगा वाचावा अशी इच्छा मुंबई-पुण्याच्या माणसाची असते आणि त्याची किंमत करमाळ्याचा शेतकरी किंवा फिरस्ता मेंढपाळ मोजतो. लांडग्याने मेंढरू नेले तर भरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवर ठेवून थांबावे लागते. ज्याचा वाडा उद्या पुढच्या गावी हलायचा आहे, तो थांबणार कसा? तो तक्रार न करताच निघून जातो आणि नुकसान त्याच्याच माथी राहते. अशा माणसाने बिळात धूर केला, मेलेल्या मेंढरावर विष टाकले, तर त्याला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे. त्याच्याशी आधी न्यायाने वागलो का, हा प्रश्न मात्र उरतोच.

कायद्याने निराळी वाट कधीच उघडून दिली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव असे दोन प्रकार आले. दुसऱ्यात गाव किंवा जमीनमालक स्वेच्छेने जमीन राखतात, मालकी त्यांचीच राहते. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. गावाने बांबूचा व्यवहार स्वतः सुरू केला, तेंदूपाने तोडताना झाडे छाटली जातात आणि आगी लागतात म्हणून तो हंगाम सोडून दिला, आणि 34 हेक्टर जंगल कोणताही वापर न करता राखण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय वनखात्याच्या आदेशाने झालेला नाही. हक्क हातात आल्यावर राखण्याची इच्छा गावातूनच आली. माळासाठी असा प्रयोग व्हायला अडचण एवढीच की माळाचा मोठा भाग महसुली गायरान आहे आणि त्यावर फिरस्त्या मेंढपाळाच्या चराईचा हक्क कोणी लेखी मान्य केलेला नाही. वनहक्क कायद्यात फिरस्त्या पशुपालकांच्या हंगामी हक्काचा उल्लेख आहे, पण तो वनजमिनीपुरता.

आक्षेप

पहिला आक्षेप वाघाचा. 2006 मध्ये देशात 1,411 वाघांचा अंदाज होता. 2022 च्या गणनेत सरासरी 3,682. कडक राखीव क्षेत्रे नसती तर हे झाले असते का? नसते. ते मी नि:शंकपणे मान्य करतो, आणि वाघाच्या गाभ्यात कोणतीही ढिलाई नको या मताचा आहे. पण वाघाचे यश कोणत्या अटींवर मिळाले ते पाहा: जमीन आधीच सरकारी, सलग जंगल, भरपूर निधी, वेगळे प्राधिकरण. आणि सारिस्का व्याघ्र प्रकल्पात या बहुतेक गोष्टी असूनही 2004-05 मध्ये एकही वाघ उरला नव्हता. वाघाची रीत जशीच्या तशी माळावर आणली की सोलापूर आणि करेरा घडतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज माळावर चराई जास्त आहे, गवत उगवण्याआधीच ओरबाडले जाते. मग चराईची बाजू घेणे म्हणजे वाळवंटाला आमंत्रण नव्हे का? अतिचराई खरी आहे. पण तिचे कारण पाहिले पाहिजे. गायराने अतिक्रमणांत, प्रकल्पांत आणि कुंपणांत गेली, बागायतीमुळे सुगीनंतरची मोकळी राने संपली, आणि तेवढेच कळप उरलेल्या तुकड्यांवर कोंडले गेले. फिरणे थांबले म्हणून गवताचा विसावा थांबला. त्यावर उपाय सरसकट बंदी हा नाही. ग्रामसभा आणि मेंढपाळ यांनी मिळून ठरवलेली पाळीपाळीची चराई, विणीच्या महिन्यांत काही पट्टे बंद, बाकी खुले, हा उपाय आहे. त्यासाठी मेंढपाळ चर्चेत बसलेला हवा.

तिसरा: लोकांच्या हाती दिले तर ते जमीन विकून मोकळे होतील. काही विकतीलच. 1979 पासून सरकारच्या हाती असलेल्या रेघेनेही माळ वाचवला नाही, हे मात्र समोर आहे. शेतकऱ्याने कोरडवाहू ज्वारी-करडई ठेवली, पडीत राखली, विणीच्या काळात रान मोकळे सोडले, तर त्याला दरवर्षी ठरलेला मोबदला मिळाला पाहिजे. उसाला सिंचन, वीज आणि रास्त दराचा आधार आपण देतोच. पक्ष्यासाठी कोरडवाहू राहणाऱ्याला आधार देणे त्याहून खर्चिक नाही.

चौथा आक्षेप नव्या काळाचा. हवामानबदलाशी लढायचे तर सौर आणि पवन ऊर्जा हवी, त्यासाठी जमीन लागणारच. मान्य. पण माळढोकाला आज सर्वांत मोठा धोका उच्चदाब तारांचा आहे. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये त्यावर आदेश द्यावे लागले, जे 2024 मध्ये बदलले गेले. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शासकीय आणि गायरान जमिनी प्रकल्पांना दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही रास्त गरज आहे. कारखान्यांची आणि गोदामांची छपरे, कालव्यांचे काठ, खरोखर नापीक झालेल्या क्षारपड जमिनी आधी, आणि जिवंत माळ सर्वांत शेवटी, एवढा क्रम पाळायला ऊर्जेचे उद्दिष्ट कमी करावे लागत नाही. त्यासाठी जिवंत माळ कोणता हे ठरवणारी यादी मात्र लागते, आणि 'पडीक' या सदरात ती कधीच सापडणार नाही.

पुढे काय

तीस टक्क्यांच्या उद्दिष्टाला माझा विरोध नाही. पण महाराष्ट्र त्यात आणखी डोंगरकडे घालून आकडा गाठणार असेल, तर तो आकडा कोणाला वाचवणार नाही. माळ पडीक जमिनींच्या यादीतून काढून गवताळ परिसंस्था म्हणून नोंदवावा. त्यावर चर आणि वृक्षलागवड तात्काळ थांबवावी. मेंढपाळांचा हंगामी चराईहक्क गायरानांवर लेखी मान्य करावा आणि समुदाय राखीवची तरतूद त्यांच्यासह वापरावी. माळढोक महाराष्ट्रात परत आणायचा असेल तर त्याआधी एवढे झालेच पाहिजे. राजस्थानातल्या प्रजनन केंद्रांत वाढलेली पिल्ले उसात सोडता येणार नाहीत.

यातले बरेचसे मंत्रालयात ठरेल, पण सगळे नाही. गायरानाचा ठराव ग्रामसभेत येतो. तुमच्या गावात वृक्षलागवडीसाठी, प्रकल्पासाठी किंवा सुशोभीकरणासाठी माळ देण्याचा विषय निघेल तेव्हा हात वर करण्याआधी विचारा की तिथे कोणत्या महिन्यात कोणाची मेंढरे येतात, कोणते पक्षी अंडी घालतात, आणि ही माहिती ठरावाला जोडली आहे का. जोडली नसेल तर ठरावाला विरोध करा.